लूटव्हिख, लाउरा

लूटव्हिख, लाउरा : (१३ जानेवारी १९८६– ). ख्यातनाम जर्मन बीच व्हॉलीबॉलपटू. आडनावाचा लुडविग हा इंग्रजी वळणाचा उच्चारही आपल्याकडील वृत्तपत्रांतून आढळतो. तिचा जन्म पूर्व बर्लिन येथे झाला. किरा व्हाल्केनहोर्स्ट हिच्या जोडीने तिने २०१६ च्या रीओ दे जानेरो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक आणि २०१७ मध्ये व्हिएन्ना येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले. बीच व्हॉलीबॉलच्या महिला विभागात ऑलिंपिक पदक मिळविणारी ही यूरोप खंडातील पहिली जोडी होय. जागतिक अजिंक्यपदाच्या बाबतीतही हेच खरे आहे. २००८ ते २०२४ या कालखंडात ती एकूण पाच ऑलिंपिक स्पर्धांत खेळली आणि त्यासाठी तिला चार वेगवेगळ्या जोडीदारिणींबरोबर खेळ नव्याने बसवावा लागला. तिच्या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य पदकांच्या संख्येपेक्षा या वारंवार केलेल्या पुनर्मांडणीत आहे.

तिच्या जन्माच्या वेळी जर्मनी विभागलेला होता. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी देशाचे एकीकरण झाल्यावर ज्या राज्यात तिचा जन्म झाला ते राज्यच नकाशावरून नाहीसे झाले. पूर्व जर्मनीची व्हॉलीबॉलमधील परंपरा मोठी होती. त्या देशाच्या पुरुष संघाने १९७० मध्ये बल्गेरियात जागतिक अजिंक्यपद जिंकले व १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये जपानकडून अंतिम सामन्यात पराभूत होऊन रौप्यपदक मिळविले. महिला संघाने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक, तर १९८३ व १९८७ मध्ये यूरोपीय अजिंक्यपद संपादन केले. हे खेळाडू नावाला हौशी असले, तरी प्रत्यक्षात राज्यसंस्थेने पोसलेले होते. मुलांची निवड लहान वयातच करून त्यांना क्रीडाशाळांतून वाढविण्याची पद्धत तेथे होती. एकीकरणानंतर ती व्यवस्था मोडली. मात्र प्रशिक्षक, क्रीडागृहे आणि खेळाची गोडी यांचा वारसा शिल्लक राहिला. लूटव्हिखने बर्लिनच्या आग्नेयेकडील कपेनिक या तलाव-नद्यांनी वेढलेल्या भागातील क्लबमधून सहा जणींच्या व्हॉलीबॉलचे प्राथमिक धडे घेतले. पूर्व जर्मन पद्धतीची ती अपत्य होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु त्या पद्धतीने तयार केलेल्या जमिनीवर ती वाढली, एवढे म्हणता येईल.

पुळणीवर खेळला जाणारा व्हॉलीबॉल या अर्थी बीच व्हॉलीबॉल हेच नाव आता सर्वत्र रूढ झाले आहे. मूळ व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात झाला. त्याचे पुळणीवरील रूप कॅलिफोर्नियातील सँता मोनिका येथे १९२० नंतरच्या दशकात आकारास आले व १९३० च्या सुमारास तेथेच प्रत्येक बाजूस दोनच खेळाडू असण्याची प्रथा पडली. दीर्घकाळ हा खेळ सुटीतील करमणुकीचा मानला जाई. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने १९८७ पासून तो आपल्या अधिकारकक्षेत घेतला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यास अधिकृत स्थान मिळाले. आरंभीची दोन दशके त्यावर अमेरिका व ब्राझील या दोन देशांचे जवळजवळ निर्विवाद वर्चस्व होते. उबदार हवामान, लांबच लांब सागरकिनारे व वर्षभर चालणारा सराव या गोष्टी त्यांच्या पथ्यावर पडल्या. जर्मनीला असा निसर्ग लाभलेला नाही. बाल्टिक व उत्तर समुद्र यांच्या किनाऱ्यांवरील उन्हाळा अल्पकाळ टिकतो व पाणीही थंडच असते. त्यामुळे जर्मनांनी या खेळासाठी वाळू घरात आणली. आच्छादित सभागृहांत वाळूची मैदाने तयार करून हिवाळाभर सराव करण्याची सोय त्यांनी केली आणि उन्हाळ्यात शहरांच्या चौकांतून ट्रकांनी वाळू ओतून स्पर्धा भरविल्या. ल्यूबेकजवळील टिमेंडॉर्फर श्ट्रांट या बाल्टिक किनाऱ्यावरील गावी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरविण्याची प्रथा मात्र दीर्घकाळ चालत आली व तीमुळे त्या गावास या खेळाच्या पंढरीचे रूप आले.

जर्मनीस पहिले यश पुरुषांच्या विभागात मिळाले. यर्ग आमान व आक्सेल हागर यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळविले. पुढे यूलिउस ब्रिंक व योनास रेकरमान यांनी २००९ मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे जागतिक अजिंक्यपद आणि २०१२ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. लंडनच्या अंतिम सामन्यात त्यांनी ब्राझीलच्या आलिसों व एमान्युएल या जोडीस २३–२१, १६–२१, १६–१४ असे हरविले. यूरोपीय जोडीने मिळविलेले या खेळातील हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होते. त्यांचा प्रशिक्षक युर्गेन व्हाग्नर याचे नाव पुढे लूटव्हिखच्या संदर्भात पुन्हा येईल.

या खेळाचे काही नियम ध्यानात घेतल्याशिवाय लूटव्हिखच्या खेळाचे मर्म समजणार नाही. क्रीडांगण १६ मी. लांब व ८ मी. रुंद असते. सिडनी ऑलिंपिकपर्यंत ते सहा जणांच्या खेळाप्रमाणेच १८ मी. × ९ मी. होते आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूस मिळत असे. अथेन्स ऑलिंपिकच्या (२००४) वेळी क्रीडांगण आखूड झालेले होते व प्रत्येक चेंडूगणिक गुण देण्याची पद्धत अंमलात आली होती. पहिले दोन डाव २१ गुणांचे व आवश्यकता भासल्यास तिसरा १५ गुणांचा असतो. महिलांसाठी जाळीची उंची २·२४ मी. म्हणजे सहा जणींच्या खेळाइतकीच असते. मात्र पायाखाली किमान ४० सेंमी. जाडीचा वाळूचा थर असल्यामुळे उडी घेणे पुष्कळच कष्टाचे होते. चेंडू काहीसा मोठा असून त्यातील हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे वारा त्याला सहज भरकटवितो. वारा व सूर्य यांचा लाभ दोन्ही बाजूंना समान मिळावा, म्हणून पहिल्या दोन डावांत दर सात गुणांनंतर व तिसऱ्यात दर पाच गुणांनंतर बाजू बदलतात. जाळीवर अडविलेला (ब्लॉक केलेला) चेंडू हा तीन स्पर्शांपैकी पहिला स्पर्श धरला जातो. सहा जणांच्या खेळात तसे नसते. बोटांच्या टोकांनी चेंडू अलगद पलीकडे ढकलण्यास येथे मनाई आहे. बदली खेळाडू नसतो. जोडीपैकी एक जखमी झाली, की सामना सोडून द्यावा लागतो. लूटव्हिखच्या कारकिर्दीच्या बहुतेक काळातील नियमांनुसार सामना चालू असता प्रशिक्षकाने सूचना देण्यासही बंदी होती. तो प्रेक्षकांत बसून पाही.

दोघींपैकी उंच खेळाडू बहुधा जाळीपाशी राहून प्रतिपक्षाचा फटका अडविते, तर दुसरी मागे राहून उरलेले सगळे मैदान एकटी राखते. जाळीवरची खेळाडू पाठीमागे हात धरून बोटांच्या खुणेने आपण कोणती दिशा अडविणार हे सुचविते व मागची त्यानुसार आपली जागा ठरविते. लूटव्हिख ही मागे राहून संरक्षण करणारी खेळाडू. तिची उंची सु. १·८० मी. असून, या खेळाच्या मानाने ती असामान्य म्हणता येणार नाही. फटक्याच्या जोरापेक्षा प्रतिपक्षाची हालचाल आधीच ताडण्याची शक्ती हे तिचे बलस्थान होते. मारणाऱ्या खेळाडूचा खांदा व नजर पाहून चेंडू कोठे पडेल याचा अंदाज ती घेई आणि मुद्दाम एक कोपरा मोकळा ठेवून, फटका निघताक्षणीच तो कोपरा गाठी. अशा खेळास धावण्याइतकाच धीर लागतो. कारण क्षणभर आधी हलले तर प्रतिपक्षास डाव कळतो व क्षणभर उशीर झाला तर चेंडू वाळूत पडतो. मैदानावरील तिचे मोठमोठ्याने बोलणे, हसणे व चुकल्यावर स्वतःचीच थट्टा करणे हेही प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले होते. तो केवळ स्वभावाचा भाग नव्हता, जोडीदारिणीवरील दडपण हलके करण्याचा तो तिचा एक उपायही होता.

लूटव्हिखच्या कारकिर्दीचा पहिला महत्त्वाचा टप्पा सारा गोलर (जन्म १९८४) हिच्या जोडीचा. या दोघींनी २००८ मध्ये हँबर्ग व २०१० मध्ये बर्लिन येथे यूरोपीय अजिंक्यपद मिळविले. म्हणजे दोन्ही वेळा स्वदेशी प्रेक्षकांसमोर. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मात्र बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात त्या पराभूत झाल्या. लंडनमध्ये (२०१२) त्या उपउपांत्य सामन्यापर्यंत पोहोचल्या आणि तेथे ब्राझीलच्या लारिसा व ज्युलियाना यांच्याकडून हरल्या. त्याच स्पर्धेत, त्याच वाळूवर, ब्रिंक व रेकरमान यांनी सुवर्णपदक मिळविले. यूरोपात अजिंक्य ठरलेली महिला जोडी ब्राझील व अमेरिका यांच्या सर्वोत्तम जोड्यांसमोर निर्णायक क्षणी कमी का पडते, हा प्रश्न जर्मन व्हॉलीबॉल वर्तुळात तेव्हा तीव्रतेने उपस्थित झाला. २०१२ च्या अखेरीस गोलर निवृत्त झाली. लूटव्हिख तेव्हा २६ वर्षांची होती.

२०१३ पासून तिने किरा व्हाल्केनहोर्स्ट हिच्याबरोबर खेळण्यास प्रारंभ केला. व्हाल्केनहोर्स्ट (जन्म १८ नोव्हेंबर १९९०, एसेन) ही तिच्याहून जवळजवळ पाच वर्षांनी लहान, अधिक उंच आणि जाळीवर भक्कम अशी खेळाडू. दोघींचे स्वभाव भिन्न होते; एक बोलकी व उत्फुल्ल, दुसरी मितभाषी व सावध. लंडनचा यशस्वी प्रशिक्षक व्हाग्नर याने या जोडीची जबाबदारी घेतली. हँबर्गमधील डुल्सबेर्ख येथील ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्र हे त्यांचे मुख्य ठिकाण झाले व हँबर्गर एसव्ही या प्रामुख्याने फुटबॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या क्लबच्या नावाने त्या खेळू लागल्या. व्हाग्नरने जोडीभोवती एक छोटासा कर्मचारीवर्ग उभा केला. त्यात व्यायामचिकित्सक, सामन्यांचे चित्रफितींवरून विश्लेषण करणारे तज्ञ व आनेट सिगेटी ही क्रीडामानसशास्त्रज्ञ यांचा समावेश होता. मानसशास्त्रज्ञास केवळ अडचणीच्या वेळी न बोलावता नित्याच्या सरावात सामील करून घेणे, हे त्या काळात या खेळात फारसे रुळलेले नव्हते. सामन्यात बाहेरून सूचना मिळणारच नसेल, तर दोन खेळाडूंमधील संवाद हाच त्यांचा प्रशिक्षक ठरतो. तेव्हा त्या संवादाचे शिक्षण फटक्याच्या शिक्षणाइतकेच आवश्यक होय, ही त्यामागची विचारसरणी दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते लंडन ते रीओ या चार वर्षांत जर्मन महिलांच्या खेळात जो फरक पडला त्याचे मूळ शारीरिक क्षमतेत कमी व येथे अधिक आहे.

तरी ही वाटचाल सरळ नव्हती. २०१४ मध्ये व्हाल्केनहोर्स्टला ग्रंथिज्वराने गाठले आणि दीर्घकाळ तिला पूर्ण ताकदीने खेळता आले नाही. अशा प्रसंगी नवी जोडीदारीण शोधणे हा या खेळातील सर्वसामान्य रिवाज आहे. ऑलिंपिकची पात्रता दोन वर्षांच्या गुणांवर ठरत असल्याने थांबणे परवडत नाही. लूटव्हिखने थांबण्याचे ठरविले. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातील क्लागनफुर्ट येथे या जोडीने यूरोपीय अजिंक्यपद जिंकले व २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बील येथे ते राखले. लूटव्हिखचे हे अनुक्रमे तिसरे व चौथे यूरोपीय अजिंक्यपद. त्याच उन्हाळ्यात हँबर्ग येथील मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धाही त्यांनी जिंकली आणि रीओला जाताना त्यांचे नाव पदकाच्या दावेदारांत घेतले जाऊ लागले.

रीओ ऑलिंपिकमधील बीच व्हॉलीबॉलचे सामने कोपाकबाना येथील पुळणीवर, सु. १२,००० प्रेक्षकांच्या तात्पुरत्या क्रीडागारात झाले. ब्राझीलमध्ये हा खेळ लोकजीवनाचा भाग आहे, तेव्हा यजमानांच्या जोडीविरुद्ध खेळणे म्हणजे संपूर्ण प्रेक्षागाराविरुद्ध खेळणे होते. साखळी फेरीतील त्यांचा एक सामना निकालापेक्षा छायाचित्रामुळे जगभर गाजला. ७ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांची गाठ ईजिप्तच्या दुआ अल्-घोबाशी व नदा मेवाद यांच्याशी पडली. ईजिप्तची जोडी ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळत होती. अल्-घोबाशीने डोक्यास हिजाब बांधला होता व दोघींनी हातपाय झाकणारा पोशाख केला होता. जाळीच्या एका बाजूस ती व दुसऱ्या बाजूस बिकिनीतील व्हाल्केनहोर्स्ट, दोघींचे हात एकाच चेंडूकडे झेपावलेले, असे ते छायाचित्र होते. काहींना त्यात संस्कृतींचा संघर्ष दिसला, तर काहींना खेळाने साधलेला मेळ. सामना जर्मन जोडीने २१–१२, २१–१५ असा जिंकला. या छायाचित्रामागे नियमांचा एक इतिहास आहे. २०१२ पर्यंत आंतरराष्ट्रीय महासंघाचे महिलांच्या पोशाखावरील निर्बंध कडक होते व तोकडा पोशाख जवळजवळ सक्तीचा होता. लंडन ऑलिंपिकपूर्वी ते सैल करण्यात आले. खेळाच्या प्रसारासाठी स्त्रीदेहाचे प्रदर्शन मांडले जाते, ही टीका या खेळावर आरंभापासून होत आली होती आणि ती निराधार नव्हती. सक्ती कोणत्या बाजूची, हा प्रश्न पुढेही उरलाच. २०२१ मध्ये कतारमधील दोहा येथील स्पर्धेत बिकिनीस मनाई होणार असे कळल्यावर कार्ला बोर्गर व यूलिया झूडे या जर्मन जोडीने तेथे न खेळण्याचे जाहीर केले होते.

उपांत्य सामन्यात लूटव्हिख व व्हाल्केनहोर्स्ट यांची गाठ लारिसा व तालिता या ब्राझीलच्या जोडीशी पडली. चार वर्षांपूर्वी लंडनमध्ये लूटव्हिखला हरविणाऱ्या जोडीतील हीच ती लारिसा. जर्मन जोडीने हा सामना २१–१८, २१–१२ असा जिंकला. दुसऱ्या उपांत्य सामन्यात आगाता व बार्बारा या ब्राझीलच्या दुसऱ्या जोडीने अमेरिकेच्या केरी वॉल्श जेनिंग्झ व एप्रिल रॉस यांना हरवून एक मोठा इतिहास संपुष्टात आणला होता. वॉल्श जेनिंग्झने २००४, २००८ व २०१२ अशी तीन सुवर्णपदके मिळविली होती व ऑलिंपिकमधील तिच्या सलग २६ विजयांची मालिका येथे खंडित झाली. आगाता व बार्बारा या २०१५ च्या जागतिक विजेत्या होत्या.

अंतिम सामना १७ ऑगस्टच्या रात्री बाराच्या ठोक्यास सुरू झाला. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी निवडलेली ही वेळ खेळाडूंच्या दृष्टीने विचित्रच म्हणावी लागेल. समुद्रावरून जोराचा वारा वाहत होता. वाऱ्यात उंच चेंडू देणे धोक्याचे असल्याने जर्मन जोडीने पास ठेंगणे ठेवले आणि सर्व्हिसच्या जोरावर ब्राझीलच्या जोडीची पहिली चेंडूझेल बिघडविली. पहिला डाव २१–१८ असा चुरशीचा झाला. दुसऱ्यात व्हाल्केनहोर्स्टचे ब्लॉक व लूटव्हिखची मागील झेल यांचा मेळ इतका अचूक बसला, की २१–१४ अशा गुणांनी तो लवकरच संपला. १९९६ पासून २०१२ पर्यंत महिलांच्या विभागात दिल्या गेलेल्या पंधरा पदकांपैकी अकरा अमेरिका व ब्राझील यांच्याकडे, दोन ऑस्ट्रेलियाकडे व दोन चीनकडे गेली होती. यूरोपचे नाव त्यात प्रथमच आले, तेही सुवर्णपदकाने.

या विजयानंतर दोघींना जर्मनीचा सर्वोच्च क्रीडासन्मान असलेले रौप्य लॉरेलपर्ण देण्यात आले व क्रीडापत्रकारांच्या मतदानात २०१६ चा ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट संघ’ म्हणून त्यांची निवड झाली. आर्थिक बाजूचाही येथे विचार करणे योग्य ठरेल. जर्मन क्रीडासाहाय्य प्रतिष्ठानाकडून रीओच्या सुवर्णपदकासाठी मिळणारे पारितोषिक २०,००० यूरो होते. फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतील खेळाडूंच्या उत्पन्नापुढे ही रक्कम नगण्य आहे. सहा जणांच्या व्हॉलीबॉलमधील व्यावसायिकास निदान क्लबचे वेतन मिळते आणि मागणी असेल तेथे जाण्याची मुभा असते. बूडापेस्टमध्ये जन्मलेल्या व जर्मनीकडून खेळलेल्या गेऑर्ग ग्रोझर (जन्म १९८४) याची कारकीर्द या दृष्टीने बोलकी आहे. फ्रीड्रिक्सहाफेनहून निघून त्याने पोलंड, रशिया, दक्षिण कोरिया, इटली इ. देशांतील क्लबांतून खेळत उपजीविका केली, रशियातील बेलगोरोद क्लबकडून २०१४ मध्ये यूरोपीय क्लब-अजिंक्यपद मिळविले आणि त्याच वर्षी जर्मन संघास जागतिक स्पर्धेत ब्राँझपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. बीच व्हॉलीबॉलपटूस असा धनी नसतो. जोडी ही एक लहानशी पेढीच असते. प्रवास, प्रशिक्षक व उपचार यांचा खर्च बक्षिसे, पुरस्कर्ते आणि संघटनेचे अनुदान यांतून भागवावा लागतो आणि एका जोडीदाराचा गुडघा दुखावला, की दोघांचे उत्पन्न थांबते. लूटव्हिखने ही जोखीम सु. दोन दशके पत्करली.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये टोराँटो येथील जागतिक मालिकेची अंतिम स्पर्धा या जोडीने जिंकली. पुढील हंगाम दुखापतींनी खडतर केला. तरी ऑगस्ट २०१७ मध्ये व्हिएन्नातील डॅन्यूब नदीच्या बेटावर भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अंतिम सामन्यात त्यांनी अमेरिकेच्या एप्रिल रॉस व लॉरेन फेंड्रिक यांना १९–२१, २१–१३, १५–९ असे हरविले. रीओच्या तुलनेने या विजयाची चर्चा कमी झाली. वस्तुतः पहिला डाव गमावल्यावर व शरीर साथ देत नसताना मिळविलेला हा विजय तांत्रिक दृष्ट्या अधिक कठीण मानावा लागेल. याच महिन्यात हँबर्ग येथे त्यांनी जागतिक मालिकेची अंतिम स्पर्धाही पुन्हा जिंकली. एकाच वेळी ऑलिंपिक, जागतिक व मालिका या तिन्ही विजेतेपदांवर त्यांचे नाव होते.

यानंतर ही जोडी मोठ्या स्पर्धेत पुन्हा एकत्र दिसली नाही. लूटव्हिखच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली व २०१८ मध्ये तिला मुलगा झाला. व्हाल्केनहोर्स्टचे शरीर अनेक ठिकाणी झिजले होते आणि जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली. वाळू मऊ असल्याने हा खेळ सांध्यांना सुखकर असावा, असा सर्वसाधारण समज आहे. उडीचा धक्का वाळू काहीसा शोषून घेते हे खरे. परंतु खांद्यावर पडणारा ताण दोनच खेळाडू असल्यामुळे कैकपटींनी वाढतो, कारण प्रत्येक सर्व्हिस, प्रत्येक पास व प्रत्येक स्मॅश त्या दोघींनाच करावा लागतो. लंडनचा विजेता रेकरमान हाही पाठीच्या दुखण्यामुळे सुवर्णपदकानंतर काही महिन्यांतच निवृत्त झाला होता.

लूटव्हिखने पुनरागमनासाठी मार्गारेटा कोझुख (जन्म १९८६) हिची निवड केली. कोझुख ही सहा जणींच्या जर्मन संघाची दीर्घकाळ आधारस्तंभ राहिलेली आक्रमक खेळाडू. २०११ व २०१३ मध्ये यूरोपीय स्पर्धेत रौप्यपदक मिळविणाऱ्या संघात ती होती. वयाच्या तिशीनंतर वाळूवर उतरलेल्या या खेळाडूस घेऊन ऑलिंपिक गाठणे हा धाडसी निर्णय होता. क्रीडागृहातील खेळाडूस वाऱ्याची सवय नसते, तसेच एरवी सहकाऱ्यांवर सोपविलेली कामे तिला नव्याने शिकावी लागतात. सुरुवातीस पराभव पुष्कळ झाले. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये रोम येथे भरलेली जागतिक मालिकेची अंतिम स्पर्धा या जोडीने अनपेक्षितपणे जिंकली.

करोनाच्या साथीमुळे एक वर्ष पुढे ढकललेल्या टोकिओ ऑलिंपिकच्या उद्‌घाटन समारंभात, २३ जुलै २०२१ रोजी, डायव्हिंगपटू पाट्रिक हाउसडिंग याच्यासह जर्मन पथकाचा ध्वज वाहण्याचा मान लूटव्हिखला मिळाला. सामने प्रेक्षकांविना झाले. कोपाकबानाच्या मध्यरात्रीच्या गदारोळानंतर पाच वर्षांनी रिकाम्या बाकांपुढे खेळताना, तिचा आवाज तेवढा प्रक्षेपणात स्पष्ट ऐकू येई. बाद फेरीत तिची गाठ पुन्हा आगाताशी पडली. यावेळी आगाताची जोडीदारीण दुदा ही तरुण खेळाडू होती व ही जोडी पदकाच्या प्रमुख दावेदारांत गणली जात होती. लूटव्हिख व कोझुख यांनी हा सामना २१–१९, १९–२१, १६–१४ असा जिंकला. तिच्या उत्तरकाळातील हा सर्वांत उत्कृष्ट सामना असावा. उपउपांत्य सामन्यात मात्र एप्रिल रॉस व अ‍ॅलिक्स क्लाइनमन यांनी त्यांना दोन्ही डावांत १९–२१ अशा निसटत्या फरकाने हरविले. याच अमेरिकन जोडीने पुढे सुवर्णपदक मिळविले. टोकिओनंतर कोझुखने खेळ थांबविला.

२०२२ मध्ये दुसऱ्या अपत्याच्या जन्मानंतर लूटव्हिख तिसऱ्यांदा नव्याने उभी राहिली. तिची अखेरची जोडीदारीण लुइझा लिपमान (जन्म १९९४) हीदेखील सहा जणींच्या खेळातून आलेली होती. लिपमानने श्वेरीन येथील क्लबमधून नाव मिळवून पुढे परदेशांतील क्लबांतूनही व्यावसायिक खेळ केला होता. या जोडीने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची पात्रता मिळविली, तेव्हा लूटव्हिख ३८ वर्षांची होती. आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी उभारलेल्या क्रीडागारात ही जोडी साखळी फेरीतच बाद झाली. त्याच वाळूवर निल्स एलर्स व क्लेमेन्स व्हिक्लर या जर्मन पुरुषांच्या जोडीने रौप्यपदक मिळविले. २०२४ चा हंगाम संपल्यावर लूटव्हिख स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाली.